पेन्शन अडकली आहे

सकाळी सव्वासहाला नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या गल्लीत आलात, तर एक गृहस्थ रस्त्याच्या कडेला वाकून, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात काडी घेऊन, जमिनीकडे डोळे लावून बसलेले दिसतील. अंगात बनियन, खाली चौकड्यांचा पायजमा, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. नव्या माणसाला वाटतं, यांची अंगठी पडली. मागे एका नव्या दूधवाल्याने गाडी थांबवून विचारलंच, "काय हरवलं, काकाजी? सोनं आहे काय?"

काकांनी मान वर केली नाही. म्हणाले, "हरवलं काही नाही, सापडलं आहे. तीन नंबर. उत्तम!"

दूधवाल्याने जवळ येऊन पाहिलं. तेव्हापासून तो आमच्या गल्लीत दूध देतो, पण थांबत नाही.

हे आमचे ऑडिटकाका. खरं नाव गॅसच्या पुस्तकावर आहे आणि ते तिथेच बरं आहे. छत्तीस वर्षं त्यांनी सिव्हिल लाइन्सच्या एजी ऑफिसात काढली. सरकारी पैसा कुठून आला, कुठे गेला आणि मधल्या वाटेत कोणाच्या पोटात राहिला, हे शोधणं हा त्यांचा धंदा. पाटबंधाऱ्याच्या एका कचेरीत साडेतीन रुपयांच्या फरकासाठी त्यांनी म्हणे अकरा दिवस मुक्काम ठोकला होता. मुक्कामाचा भत्ता धरून तो फरक सरकारला केवढ्याला पडला, हे मात्र त्यांनी तपासलं नाही. ते दुसऱ्या सेक्शनचं काम.

काका निवृत्त झाले त्याच महिन्यात मुलाला पुण्यात नोकरी लागली. मुलगा गेला, आणि त्याने हौसेने आणलेली आठ महिन्यांची लॅब्राडोर कुत्री मागे राहिली. तिचं नाव त्याने बेला की स्टेला असं काहीतरी ठेवलं होतं. काका म्हणाले, "नोकरी संपल्यावर माणसाच्या हाती जे पडते, त्याला आमच्या ऑफिसात एकच नाव आहे." कुत्रीचं नाव पेन्शन पडलं.

या नामकरणाचे परिणाम गल्लीने आणि काकांच्या जुन्या सहकाऱ्यांनी भोगले. एकदा बँकेत त्यांचा चेहरा उतरलेला बघून एका निवृत्त लेखाधिकाऱ्यांनी विचारलं, "काय झालं?"

"पेन्शन अडकली आहे. दोन दिवस झाले."

"अरे बापा! नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला होता की नाही?"

"दाखला मी रोज सकाळी घेतो," काका म्हणाले, "कालपासून मिळाला नाही."

आणि तिसऱ्या दिवशी काकूंनी आपल्या भावाला वर्ध्याला फोन करून आनंदाने सांगितलं, "सुटली हो पेन्शन, एकदाची!" पलीकडून प्रश्न आला, "किती?" काकू म्हणाल्या, "अंगणभर!" भाऊ रात्रीच्या गाडीने उसने पैसे मागायला आला.

काकांचं खरं वैभव म्हणजे त्यांची वही. सीताबर्डीवरून आणलेली, कापडी पाठीची, लांबलचक. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. जमेच्या बाजूला तारीख, वेळ, पदार्थ, वजन आणि 'देणाऱ्याचे नाव'. खर्चाच्या बाजूला वेळ, नंबर, रंग आणि शेरा. नंबर म्हणजे काय, तर कुत्र्याच्या विष्ठेचा घट्टपणा मोजायला पशुवैद्यांचा एक ते सातचा तक्ता असतो. एक म्हणजे खडे, सात म्हणजे नुसतं पाणी. दोन-तीनच्या आसपास आलं की देवाचे आभार मानायचे. तक्त्यावरची चित्रं काकूंना बघवेनात, म्हणून काकांनी त्याचं स्थानिकीकरण केलं: एक नंबर फुटाणे, चार नंबर ओलसर बेसनलाडू, पाच नंबर शिरा, सहा नंबर पिठलं आणि सात नंबर तर्री. ज्या गावात दिवसाचा पहिला संस्कार तर्री-पोह्यांचा असतो, त्या गावात हे बोलायला धैर्य लागतं. काकांनी ते गणपतीच्या आरतीनंतर, सगळ्यांच्या हातात प्रसादाचा शिरा असताना दाखवलं.

रंगाचा रकानाही असाच. "लाल शाई खालच्या कार्यालयाची, काळी शाई वरच्या कार्यालयाची," असं ते समजावतात. यात चेष्टा वाटली तरी चूक काही नाही. ताजं लाल रक्त दिसलं तर ते सहसा मोठ्या आतड्यातून, म्हणजे शेवटच्या टप्प्यातून आलेलं असतं. डांबरासारखं काळं, चिकट दिसलं तर रक्त वरती जठरात किंवा लहान आतड्यात सुटून, पचून खाली आलेलं असतं. "शाई कोणतीही असो, फाइल त्याच दिवशी डॉक्टरकडे गेली पाहिजे. टिपण लिहीत बसायचं नाही." सरकारी नोकरीत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडी 'त्याच दिवशी' हा शब्द मी फक्त याच संदर्भात ऐकला.

उलटीतही त्यांनी दोन लेखाशीर्षं केली आहेत. पोटाला उमाळे न येता, खाल्लेलं जसंच्या तसं, आंबूस वासही न लागता अलगद बाहेर पडलं, तर तो 'समर्पित निधी'. मार्चअखेर खातं न वापरलेले पैसे परत करतं ना, तसा. अन्न जठरापर्यंत पोचलंच नाही, भानगड अन्ननलिकेत आहे. आणि पोट आत-बाहेर होऊन, ओकाऱ्या देऊन, अर्धवट पचलेलं किंवा पिवळं पित्त पडलं, तर ती खरी उलटी, म्हणजे 'खर्ची टाकल्यावर आलेला आक्षेप'. पेन्शनच्या डॉक्टरीण बाई एकदा मला म्हणाल्या, की हा फरक सांगू शकणारे मालक त्यांना क्वचित भेटतात. "उलटी कशी झाली?" विचारलं तर लोक सांगतात, "तोंडातून झाली."

जे ओळखता येत नाही ते काका 'उचंत' खात्यात टाकतात. उचंतात आतापर्यंत एक मोजा, खोडरबराचा तुकडा आणि नागपूर महानगरपालिकेच्या घरपट्टीच्या पावतीचा कोपरा जमा आहे.

मला सुरुवातीला हा सगळा प्रकार रिकामपणाचा वाटायचा. एकदा वही चाळताना पहिलं पान उघडलं. त्यावर पेन्शनचं नाव नव्हतं. शाई वेगळी, अक्षर घाईचं, आणि जुन्या तारखेच्या फक्त तीन नोंदी. मुलगा नववीत असताना त्याने एक दीड महिन्याचं पिल्लू आणलं होतं. त्याला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. कोणी म्हणालं, दही द्या. कोणी म्हणालं, जंत असतील, एक दिवस पाहा. तिसऱ्या दिवशी जुलाबात रक्त आलं आणि संध्याकाळी ते गेलं. पार्व्हो. हा विषाणू जगाला १९७८ पासून माहीत आहे आणि त्याची लसही आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून टोचायला सुरुवात करतात. "आम्ही दही देत होतो," काका म्हणाले आणि पान उलटलं. त्यानंतर त्यांनी गल्लीतल्या बेवारस कुत्रीची चार पिल्लं स्वतः पोत्यात घालून लस टोचायला नेली. त्यांचाही हिशेब वहीत आहे. पोतं धरून.

आता गल्लीविषयी. आमच्या गल्लीत अकरा घरं, आणि अकराच्या अकरा घरांत कुत्र्यांच्या पोटाचे जाणकार. पेन्शनचं पोट बिघडलं अशी बातमी फुटली, की फाटकाशी ओपीडी भरते. एक जण ओवा सांगतो, एक जण हिंगाचं पाणी. एक निवृत्त मास्तर "तिला गवत खाऊ द्या, निसर्ग आपला इलाज करतो" असं सांगून स्वतः अॅसिडिटीची गोळी घ्यायला घरी जातात. (कुत्री गवत खातात, पण बहुतेक वेळा आजारी नसतानाही खातात आणि खाऊन ओकतही नाहीत. निसर्गाचा त्यात फारसा हेतू दिसत नाही.) कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने तर एकदा माणसांची अंगदुखीची गोळी अर्धी करून पुढे केली. काकांनी ती परत दिली. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडाला धोका होतो, हे त्यांना पाठ आहे. मेडिकलवाल्याला मात्र पाठ नव्हतं. त्याने तीच अर्धी गोळी नंतर मास्तरांना विकली.

काकांच्या फाटकावर एक पाटी आहे. 'कुत्र्यापासून सावध' नव्हे. पाटीवर लिहिलं आहे: 'कुत्रीस खालील वस्तू देऊ नयेत' आणि खाली कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, बिनसाखरेचं च्युइंगम, शिजवलेली हाडं. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, द्राक्षं-मनुकांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, च्युइंगममधल्या झायलिटॉल नावाच्या गोडव्याने रक्तातली साखर धाडकन खाली येते. रविवारी ज्या गल्लीत निम्म्या घरांत सावजीचं मटण शिजतं, तिथे शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. शिजलेलं हाड चावलं की त्याचे भाल्यासारखे तुकडे होतात आणि आतड्यात रुततात. पाटी लागल्यावर हाडं देणं बंद झालं. लोक रस्सा देऊ लागले. रश्श्यात कांदा-लसूण वाटून घातलेला असतो, तो दिसत नाही. त्यामुळे देणाऱ्याला तो आहे असं वाटत नाही.

आणि बिस्किटं! ती तर कोणी मोजतच नाही. काकांनी एका महिन्यात प्रत्येक घरी जाऊन, पेन टेकवून, विचारलं. प्रत्येक घराने शपथेवर सांगितलं, "आम्ही एकच देतो हो." अकरा घरं, सकाळ-संध्याकाळ, एकेकच: बावीस बिस्किटं. त्या महिन्यात पेन्शनचं वजन वाढलं होतं आणि काकूंना वाटत होतं, की पावसाळ्यामुळे फुगली असेल.

लॅब्राडोरच्या बाबतीत दोष तिला देण्यात अर्थ नाही. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना आढळलं, की सुमारे चारांतल्या एका लॅब्राडोरमध्ये एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो आणि त्यामुळे त्या कुत्र्यांची भूक जास्त असते. पोट भरल्याचा निरोप वर पोचतच नाही. पेन्शनची तपासणी कोणी केलेली नाही. करायची गरज नाही. कुंपणाच्या भिंतीवर दोन पंजे ठेवून ती तुमच्याकडे बघते तेव्हा तिच्या डोळ्यांत १८९६ च्या दुष्काळापासूनचा उपास असतो.

हाऊसिंग सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी एकदा काकांना छेडलं, "कुत्र्याच्या पोटावर एवढा अभ्यास कशाला?" काका उभे राहिले. "पावलोवला १९०४ चं नोबेल कशासाठी मिळालं माहीत आहे काय? घंटी वाजवण्यासाठी नाही. कुत्र्याच्या पचनाच्या अभ्यासासाठी. तुमच्या पोटावर कोणाला काय मिळालं, सांगा." यात काडीचीही अतिशयोक्ती नाही, पारितोषिक पचनक्रियेवरच्या कामासाठीच होतं. इतकंच नव्हे, पावलोवच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांचा जठररस गोळा करून माणसांच्या अपचनावर औषध म्हणून विकलाही जात असे. हे काकांनी चहा घेताना सांगितलं. काकूंनी कप खाली ठेवला आणि काका रशियात जन्मले नाहीत म्हणून देवघराकडे बघून हात जोडले.

खरं तर या वहीत काकूंची एक तक्रार दडलेली आहे आणि ती मला रास्त वाटते. कुत्रीचं खाणं बदलायचं तर काका सात दिवस घेतात. जुन्यात थोडं नवं, मग निम्मं-निम्मं, मग नव्यात थोडं जुनं. "चार्ज देणं-घेणं असं एका दिवसात होत नाही," म्हणतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला, की तिच्या भांड्यात उरलेलं पंधरा मिनिटांत उचलतात, आंबायला नको म्हणून. तिला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, तारीख लाल शाईने. दूध बंद, कारण मोठेपणी बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. आणि स्वतः? रात्री दहाला सावजी, वर संत्राबर्फी, मध्यरात्री उठून चूर्ण, पहाटे चूर्ण का लागू पडलं नाही यावर चिंतन. "मागच्या दिवाळीत माझं पोट तीन दिवस दुखलं," काकू म्हणाल्या. "यांनी काय विचारलं असंल? 'हिंग लावला काय?' बस्स. आणि ती एकदा शिंकली, तर पानभर लिहून राहिले." काका ऐकत होते. म्हणाले, "तू बोलून दाखवतेस ना. तिला बोलता येत नाही."

काकू म्हणाल्या, "मला येतं, पण वहीत रकाना नाही."

मी तिथून उठलो. काही आक्षेप असे असतात, की त्यांच्या चर्चेला बाहेरचा माणूस हजर नसावा.

आपल्याकडे कुत्रा आणि तूप यांचं नातं जुनं आहे. नागपुरात सगळी माणसं निम्मी हिंदी बोलतात, त्यामुळे 'कुत्ते को घी हज़म नहीं होता' हे इथल्या पोराटोरांना ठाऊक. म्हण माणसांना टोमणा म्हणून झाली असली तरी डॉक्टरीण बाईंच्या मते तिच्यात अर्धं वैद्यक आहे. एका बैठकीत भरपूर चरबी पोटात गेली, की कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. अन्न पचवायचा रस आतल्या आत त्या अवयवालाच पचवायला लागतो. दुसरीकडे आपली परंपरा अशी, की कुत्रा कोरडी भाकरी पळवून नेतो आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावतात. मी लहानपणापासून नामदेवांच्या बाजूचा. मला कोरडं देववत नाही.

आणि इथे मला मूळ विषयावर यावं लागतं.

मागच्या पोळ्याची गोष्ट. काकांच्या भावकीत सुतक होतं, त्यामुळे त्यांच्या घरी पुरण नव्हतं. आमच्याकडे होतं. संध्याकाळी मातीच्या बैलांची पूजा झाली, नैवेद्य झाला, आणि मी हात धुवायला मागच्या अंगणात आलो. भिंतीवर दोन पंजे. त्यावर हनुवटी. सणाच्या दिवशी ज्याच्या घरात पुरण शिजलं नाही असा एक जीव माझ्याकडे बघत होता. मी आत गेलो आणि दोन पुरणपोळ्या आणल्या. तूप वाढलं. नामदेवांना शोभेल इतकं. तिने त्या चावल्या नाहीत. नुसत्या गडप केल्या.

रात्री दोनला फोन वाजला. "तुझी गाडी काढ," काका म्हणाले. एवढंच.

त्यांच्या हॉलमध्ये दिवा होता. पेन्शनने रात्री अकरापासून पाच उलट्या केल्या होत्या. काकूंनी समोर धरलेलं बिस्किट तिने हुंगलं आणि तोंड फिरवलं. बिस्किट नाकारणारी लॅब्राडोर मी पहिल्यांदा पाहिली आणि माझे पाय थंड झाले. मधूनच ती पुढचे पाय लांब टाकून छाती जमिनीला लावी आणि मागचा भाग वर ठेवी; नमस्कार घालावा तशी. काका हळूच म्हणाले, "हा नमस्कार नाही. पोटात कळ आहे." त्यांनी तिच्या हिरड्यांवर बोट टेकवलं, चिकट लागल्या. बोट दाबून सोडलं, रंग परत यायला लागलेले सेकंद मोजले. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश खाली बसली. शिलाईच्या टेपने पोटाचा घेर घेतला. पोट फुगून टम्म होत जातं, ओकाऱ्या येतात पण बाहेर काही पडत नाही, तेव्हा जठराला पीळ बसलेला असतो आणि तिथे अर्ध्या तासाचाही उशीर जिवावर बेततो. तसं नव्हतं. हे सगळं करताना त्यांचे हात थरथरत होते, पण वहीत आकडे सरळ उमटत होते.

डॉक्टरीण बाई सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या, १९५८ पासूनचं ते कॉलेज. झोपेतून उठून त्यांनी दवाखाना उघडला आणि पहिला प्रश्न तोच विचारला, जो त्या रोज विचारतात: "काय खाल्लं?"

काकांनी वही उघडली. सकाळी भात-कोंबडी, वजनासहित. दुपारी तेच. संध्याकाळचा रकाना, सणाचा दिवस म्हणून फेरीला उशीर झाला होता, तो कोरा.

बाई म्हणाल्या, "सगळे इथे येऊन 'काहीच खाल्लं नाही हो' म्हणतात. तुम्ही निदान कोरं पान तरी दाखवलंत."

"उलटीत चणाडाळ निघाली," काका म्हणाले. "वाटलेली. आमच्याकडे सुतक आहे."

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. ते फार रोचक होतं.

सलाइन लागलं, उलटी थांबवायचं आणि वेदनेचं इंजेक्शन झालं, सकाळी रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. स्वादुपिंडाला सूज होती. तीन दिवस दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या आणि तिन्ही दिवस गाडी मीच चालवली. काकू शेजारणींना सांगत होत्या, "असे शेजारी मिळायला भाग्य लागतं."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तान्हा पोळा, म्हणजे नागपुरात मारबतीचा दिवस. इकडे महाल-इतवारीकडे काळी आणि पिवळी मारबत निघालेली, रस्ते बंद, आणि आम्ही आडवळणाने घरी पोचलो तर आमच्याच गल्लीत पोरांनी बडग्या उभा केलेला. जगात ज्याला शिव्या द्यायच्या असतील त्याचा पुतळा करायचा, मिरवायचा आणि जाळायचा, हा आमच्या गावाचा सव्वाशे वर्षांहून जुना रिवाज. पोरांना पेन्शनची बातमी रात्रीच लागली होती. बडग्याच्या गळ्यात पुठ्ठा होता: 'पेन्शनला चोरून खाऊ घालणारा'. बडग्याला चष्मा लावला होता. मलाही चष्मा आहे, पण गल्लीत आणखी सात जणांना आहे, अशी मी मनाची समजूत घातली. पोरं ओरडली, "घेऊन जा गे मारबत!" मीही ओरडलो. इतरांपेक्षा मोठ्याने ओरडलो, असं बायको म्हणते.

पेन्शन बरी झाली. आता तिला कमी चरबीचं, थोडं-थोडं, दिवसातून चार वेळा. तुपाची नोंद वहीत कायमची बंद. काकूंच्या पोटासाठीही वहीत शेवटी चार पानं वेगळी काढली आहेत, ती काकांनी कोणाला न सांगता काढली. काकूंनी ती मला दाखवली. पहिल्या नोंदीचा शेरा 'हिंग लावला, गुण नाही, डॉक्टरकडे नेले' असा आहे.

आठवड्याने अकरा घरांत अकरा 'हाफ मार्जिन' आले. एजी ऑफिसात चौकशीचा कागद असाच असतो: पान मधोमध दुमडायचं, डाव्या बाजूला ऑडिटचा प्रश्न, उजवी बाजू उत्तरासाठी कोरी. प्रश्न सगळ्यांना एकच होता: 'पोळ्याच्या सायंकाळी आपल्या घरातून पुरणपोळी गेली काय? गेली असल्यास नग किती, तुपाचे प्रमाण काय?' दहा घरांनी 'निरंक' लिहून सही केली.

माझ्या कागदावर मात्र चार ओळी जास्त होत्या. 'उलटीस जायफळाचा वास होता. गल्लीत पुरणात वेलदोडा घालण्याची पद्धत असून जायफळ फक्त आपल्याकडे घालतात, हे संक्रांतीच्या व होळीच्या पुरणपोळीवरून लेखापरीक्षणास विदित आहे. कृपया खुलासा व्हावा.'

खाली तारीख होती आणि उत्तराची मुदत पंधरा दिवस. त्याला आता वर्ष होत आलं. काका रोज सकाळी टॉर्च घेऊन वाकतात, मी दात घासत भिंतीशी येतो, ते "तीन नंबर" म्हणतात, मी "वा" म्हणतो. कागदाचा विषय ते काढत नाहीत. पण महिन्याच्या पहिल्या तारखेला माझ्या दारात एक चिठ्ठी येऊन पडते, तिच्यावर फक्त 'स्मरणपत्र' आणि क्रमांक असतो. परवाचं अकरावं होतं.

उजवी बाजू अजून कोरी आहे. तुम्ही कधी त्रिमूर्तीनगरात आलात आणि भिंतीवर दोन पंजे दिसले, तर हात खिशातच ठेवा. ती उपाशी नसते. सकाळी सातला जेवलेली असते, एकशे ऐंशी ग्रॅम, नोंद आहे.